चंदेरीच्या कड्यावरचा चापडा

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेच्या टेबलावर जिवंत चापडा, तो हिरवा विषारी साप, ठेवला, तर संशोधनाची जागा मालिनीची. नाहीतर ती दुसऱ्याला जाणार होती. म्हणून १९५४च्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी, धाकट्या भावाला, श्यामकांतला सोबत घेऊन ती बदलापूरहून चालत चंदेरीच्या डोंगराच्या पायथ्याशी आली. वाटाड्या होता तिथल्याच वाडीतला कोंडाजी.

कोंडाजीने वहाणा काढून आंब्याखाली ठेवल्या. "तुमीपन काढा, बाय. डोंगर देवाचा हाय. पायताना घालून आमी चढत नाय."

भावंडांच्या पायांत मऊ कातड्याचे मोकॅसिन होते. एका अमेरिकन मासिकातलं चित्र दाखवून श्यामकांतने ते उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या सिंधी कारागिराकडून शिवून घेतले होते.

"कोंडाजीबाबा, तिकडचे शिकारी हेच घालतात," तो ऐटीत म्हणाला. "पावलाचा आवाजच येत नाही!"

"पडल्याव येल."

मालिनी हसली. "मोकॅसिन नावाचा सापही असतो तिकडे. आपल्या चापड्याचाच भाऊबंद. डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये दोघांनाही खळगा असतो. त्यानं ऊब कळते, काळोखातसुद्धा."

जोडे मात्र तिनेही काढले नाहीत.

दुपारपर्यंत त्यांनी कमरेएवढ्या गवतातून वाट काढली, घळीतल्या बांबूच्या बेटांत फांदी न फांदी न्याहाळली. चापडा कुठेच नव्हता. मग कड्याच्या पोटातली आडवी वाट लागली, जेमतेम एक पाऊल मावेल एवढी. खडकावरचं शेवाळ अजून ओलं होतं.

श्यामकांत घसरला!

दोन हात खाली एक करवंदीची जाळी होती. तिच्या मुळाला तो लोंबकळला. खाली नुसती दरी.

"ताई!"

"हलू नकोस!" मालिनीचा आवाज बदलला होता. त्याच्या मनगटापासून वीतभर अंतरावर, पानांइतकाच हिरवा, तिकोनी डोक्याचा चापडा वेटोळं घालून बसला होता.

ती पालथी झाली. कोंडाजीने तिचे घोटे घट्ट धरले. तिने साप धरायची चिमट्याची काठी पुढे सरकवली, पण काट्यांच्या गुंत्यात चिमटा उघडेना. सापाचं डोकं मनगटाकडे वळलं.

ऊब! त्याला ऊब कळते!

"बाबा, माझ्या पायातला जोडा द्या. लवकर!"

दिवसभराच्या चालीने तापलेला मोकॅसिन तिने काठीच्या टोकाला खोचला आणि सापाच्या पुढ्यात धरला. एक क्षण. दोन.

सप्प!

सुळे कातड्यात रुतले, अडकले. तिने काठी हळूच ओढली. चापडा जोड्याला लटकत बाहेर आला. सोमवार तिच्या हातात होता! पिशवी कमरेला होती, फक्त दोन हात मोकळे हवे होते.

कडकन मूळ तुटलं.

मालिनीने काठी सोडून दिली. साप, जोडा, काठी सगळं दरीत गेलं, आणि तिच्या दोन्ही हातांत श्यामकांतचं मनगट आलं.

"ओढा बाबा! ओढा!"

कोंडाजीने अनवाणी टाचा खडकाच्या खाचेत रोवल्या आणि दोघांनाही तसूतसूने वर घेतलं.

मग श्यामकांत पुटपुटला, "ताई, तुझी जागा..."

"गेली." तिने त्याची नाडी धरली होती. नजर घड्याळावर होती. "बोलू नकोस. मोजणं चुकतंय."

"किती आहे?"

"एकशे अठ्ठावीस."

"फार आहे का गं?"

"असू दे," मालिनी म्हणाली. मिनिट केव्हाच संपलं होतं, पण मनगट तिने सोडलं नाही.