कोरडी चादर

"आई, माह्या लेकराले ओल्यात काहून ठेवलं?"

महापुराच्या साली, शाळेच्या वर्गात, बाळंतपणाच्या ग्लानीतून जागी होत सुनेनं विचारलेला तो प्रश्न धुरपताच्या कानातून कधी उतरलाच नाही... चुलीवरच्या गंजात जुनी लुगडी उकळताना तो आवाज तिच्याशेजारी येऊन बसे.

वैनगंगेकाठच्या कारध्यात ज्येष्ठ लागला की तिचं हे काम सुरू होई. विटलेल्या चादरी, मऊ झालेली लुगडी, उशांचे अभ्रे... सारं उकळायचं, कडक उन्हात वाळवायचं, जखमेसाठी पट्ट्या फाडायच्या, तान्ह्यासाठी बाळोती करायची, आणि प्लास्टिकात गुंडाळून पुरासाठी आढ्याला टांगून ठेवायची. शेजारची शकुनबाई कुंपणावरून टोमणा मारी, "धुरपता, पुरात चिंध्यायचं दुकान लावतेस काय वो?" धुरपता हसे. त्या हसण्याखाली किती पाणी होतं, ते शकुनबाईला कुठं ठाऊक!

त्या साली वैनगंगा पाहुणीसारखी उंबऱ्यात आली आणि ओटीतलंच घेऊन गेली... शाळेच्या वर्गात आसरा घेतला, आणि तिथंच सुनेला, मनालीला, आठव्या महिन्यातच कळा लागल्या. तिचा नवरा धर्मेंद्र बोट शोधायला पाण्यात उतरलेला. घरातलं सारं भिजलेलं. धुरपतानं काखेत जपून आणलेली एकच चादर काय ती कोरडी. रक्तानं रिती झालेली सून कुडकुडत होती, म्हणून ती तिलाच गुंडाळली. मग बाळासाठी टोक ओढलं, तर मनालीच्या दोन्ही मुठी काठावर घट्ट मिटलेल्या... शुद्ध हरपलेल्या पोरीची बोटं उकलायला धुरपताचा हात धजेना. ओल्या पदराखाली, आपल्या छातीशी तिनं तो इवला जीव धरला. बोट आली तेव्हा तो थंडगार झाला होता, आणि बोटीत चढेपर्यंत पावसानं ती चादरही चिंब केली.

आपण लेकराच्या वाट्याची ऊब घेऊन जगलो, हे सुनेला कळलं तर ती जगेल कशी? म्हणून धुरपतानं ओठ शिवले. सुनेचा अबोला, गावाची कुजबुज, पोटच्या पोराची पाठ... सारं तिनं पदरात घेतलं.

आता मनालीला पुन्हा दिवस भरत आले होते. भंडाऱ्यात खोली घेऊन धर्मेंद्र तिला तिकडे नेत होता. या बाळाला सासूचा हात लागू द्यायचा नाही, ही तिची अट. दारात ऑटो उभा होता. धुरपतानं बाळोत्यांचं गाठोडं भीतभीत पुढं केलं. मनालीनं ते भिरकावून दिलं... पांढरीशुभ्र फडकी अंगणभर विखुरली.

धर्मेंद्रला राहवलं नाही. "माय, आज तरी बोल. तुह्याजवळ कोरडं काही होतं का नव्हतं?"

वाकून एकेक फडकं वेचत धुरपता म्हणाली, "होतं बाबा. माह्या ध्यानातच नाही राहिलं. माहीच चूक."

ऑटोचा दांडा धरून उभ्या असलेल्या मनालीनं तो सोडला. पोट सावरत ती तिथंच धुळीत, सासूसमोर बसली.

"खोटं नका बोलू, आई," ती म्हणाली, "मी जागी होती. तुमी चादरीचं टोक ओढलं, तं म्याच मुठी आवळल्या. मले लय थंडी वाजून राहिली होती... लेकरू रडून राहिलं होतं, मले आयकू येत होतं. तरी म्या सोडली नाही."