थोरल्यांची दगडी वाटी

रात्रीची गोष्ट असती तर तुम्ही म्हणाला असता, म्हातारी झोपेत होती. म्हणून आधीच सांगते, हे भरदुपारी घडलं. मक्याची कापणी उरकली होती त्या महिन्यात, आमच्या राजधानीच्या, कुस्कोच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या एका गावात. माझ्या चिंपू आत्याच्या बाबतीत. यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही.

आत्या थोरल्यांचं करायची.

थोरले म्हणजे आमचे मेलेले राजे. आमच्याकडे राजा मेला तरी त्याचं घर, शेतं, नोकरचाकर त्याचेच राहायचे. गुडघे पोटाशी घेतलेले, तलम वस्त्रांत गुंडाळलेले थोरले रोज दुपारी आमच्या बायकांच्या हातून जेवायचे. जिवंतपणी एका खोऱ्यातून निघून त्यांनी चारी दिशांना रस्ते नेले होते, बर्फापासून समुद्रापर्यंत. अगदी लहानपणी मी त्यांना पालखीतून चौकात येताना पाहिलंय. सगळे मेलेले राजे ओळीने बसायचे आणि एकमेकांच्या नावाने पेले रिकामे व्हायचे. काय तो थाट!

मग दोन भाऊ गादीसाठी एकमेकांवर उठले. राज्य त्यांनीच मधोमध फाडलं. समुद्रापलीकडून दाढीवाले आले ते फाटलेलं उचलायला.

आता त्यांचा अंमलदार थोरल्यांना शोधत होता. सापडले तर नेणार, पुरून टाकणार. मग आम्ही कुणाचेच नाही. तीन गावं बदलून झाली होती. या चौथ्या गावात आमचे थोरले, आमच्या कुळाचा एकच राजा, आत्याच्या घरी कणसांच्या राशीमागे बसले होते. जागा दोघांनाच ठाऊक. आत्याला, आणि तिचा धाकटा भाऊ पौकार याला.

पौकार म्हणजे माझे बाबा.

त्या दुपारी बाबा दाढीवाल्यांची पिसं खोवलेली टोपी घालून आले.

"थोरल्यांसमोर डोक्यावर कोंबडा बसवून आलास होय रे?"

"अगं ताई, डोकं झाकलं तरच मानेवर राहतं हल्ली."

दोघं हसली. आत्याने मक्याची दारू ओतली. आमच्यात कुणी एकट्याने पीत नाही. पेले एकाच लाकडातून जोडीने घडवतात. एक आपला, एक समोरच्याचा. थोरल्यांचा पेला त्यांच्या पुढ्यातल्या दगडी वाटीत ओतायचा. वाटीच्या बुडाला भोक होतं. दारू गटगट करत जमिनीत उतरायची. जोडीतला दुसरा पेला आत्या प्यायची.

त्या दिवशी तो तिने भावाला दिला. एवढा मान तिने कधी कुणाला दिला नव्हता.

बाबांनी पेला एका दमात संपवला.

आत्या कान देऊन बसली...

आवाज नाही.

वाटी काठोकाठ भरलेली.

"भोक बुजलं असेल," बाबा म्हणाले.

"सकाळीच धुतलंय मी."

तिने काडी घातली. काडी आरपार गेली... दारू तसूभरही हलली नाही.

मग तिच्या लक्षात आलं. माशा वारायचा पिसांचा पंखा मघापासून तसाच मांडीवर पडलाय. दारूचा वास सुटलाय, शिजलेला मका उघडा आहे... आणि एकही माशी नाही.

"पौकार, कुणाला काही बोललास?"

"वेड लागलं का तुला? तुझ्या पाठीवर बसून वाढलोय मी, ताई. तुला फसवीन?" बाबांनी चिमूटभर माती उचलून जिभेला लावली. आमच्यात याहून मोठी शपथ नाही. "उद्या दुपारी माणसं घेऊन येतो. थोरल्यांना वर डोंगरात नेऊ. तोवर इथून हलू नकोस."

आत्याने वाटीकडे पाहिलं. मग भावाकडे.

आणि भावावर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं आली. दाढीवाली. गावात पंचवीस घरं होती. एकाही दारात त्यांनी विचारलं नाही. सरळ आत्याच्या घरात शिरली आणि कणसांची रास उपसायला लागली.

बाबा त्यांच्यात नव्हते.

शिपायांनी थोरल्यांना उचललं. त्याच क्षणी मागून...

गट. गट. गट.

कालची दारू वाटीतून उतरत होती. तळ कोरडा पडेपर्यंत.

शिपाईसुद्धा वळून बघायला लागले, असं आत्या सांगायची.

बाबांना नदीकाठची जमीन मिळाली. आत्या आमच्याच घरी राहिली, तिला दुसरं होतं कोण? बाबांना ती एका शब्दाने बोलली नाही. रोज दुपारी फक्त जोडी भरायची आणि एक पेला त्यांच्यापुढे ठेवायची.

"ताई, आणखी दे गं. घसा कोरडाच आहे."

ती द्यायची. ते प्यायचे. नदी दारापुढून वाहत होती आणि बाबांचे ओठ तडकून रक्त येत होतं. गेले तेव्हा हातातला पेला रिकामा होता... आणि जीभ लाकडासारखी.

आत्याने जाताना मला ती वाटी दिली, पेल्यांची जोडी दिली आणि एक पुरचुंडी. थोरल्यांची नखं आणि केस. दाढीवाल्यांच्या हाती लागलं नव्हतं ते एवढंच.

पुरचुंडी कुठे आहे ते दोघांनाच ठाऊक आहे. मला, आणि माझ्या मुलाला.

इतकी वर्षं मी रोज दुपारी ओतते. वाटी पिते.

काल मुलगा आला होता. जोडीतला पेला मी त्याला दिला.

"आई, किती वर्षं चालवणार आहेस हे?" तो हसला. एका दमात प्यायला.

मी कान देऊन बसले...

दारातून ऊन आत आलं होतं. मका उघडा होता. एकही माशी नव्हती.

मी त्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने माती जिभेला लावली असती. आणि मी... मी विश्वास ठेवला असता.

आता ऊन डोक्यावर यायला लागलंय.