रिकाम्या डब्यातला सूर

ऐकीव सांगत नाही. हे माझ्याच हातून घडलंय.

मागच्या फेब्रुवारीतला मंगळवार. नारिन शहर, बाहेर उणे वीस. बुरुल आपांच्या घरी पियानो दुरुस्त करायला गेलो होतो.

त्यांची मुलगी साल्कीन त्यावर शिकायची. दोन वर्षांपूर्वी खिंडीत गाडी घसरली, त्यात ती गेली.

मधल्या एका सुराच्या तिन्ही खुंट्या सैल झाल्या होत्या. तारा ताण धरत नव्हत्या. तीस वर्षं हेच करतोय, माझ्यासाठी किरकोळ काम.

आपांनी चहाचा वाडगा पुढे केला. चारपर्यंत थांब, मग हात लाव म्हणाल्या. म्हातारीचं खूळ, असं वाटलं मला.

चार वाजले...

टण्ण.

तोच उतरलेला सूर. पियानोचं झाकण बंद होतं.

"रोज सरावाला येते. इथेच अडते आणि निघून जाते," आपा म्हणाल्या. "एवढं नीट करून दे, मेदेर. पोर पुढचं तरी वाजवेल."

मी कामाला लागलो. जुन्या खुंट्या काढून जाड ठोकल्या, तारा सुरात लावल्या. जुन्या तिन्ही खिशात टाकल्या. टंचाईच्या काळापासूनची सवय, आम्ही कारागीर जुनी खुंटी टाकत नाही. घरी त्या एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी आपांचा फोन. चार वाजले, पण ती आली नाही म्हणाल्या.

मी काही बोलणार, इतक्यात फळीवरच्या डब्यातून...

टण्ण.

मी फोन ठेवून दिला.

सकाळी खुंट्या घेऊन धावत गेलो. जाड खुंट्यांनी भोकं रुंदावली होती. पॉलिश पेपरच्या पट्ट्या गुंडाळून त्याच जुन्या खुंट्या परत बसवल्या. सूरही पूर्वीसारखा उतरवून ठेवला. मग आपा आणि मी पियानोसमोर बसून राहिलो.

चार वाजले... पाच वाजले...

काहीच नाही.

घरी आलो तर बायको दारात उभी, चेहरा पांढराफटक. चार वाजता डबा वाजला म्हणाली.

रिकामा डबा.

याला वर्ष झालं. डबा फेकायचा धीर होत नाही. त्याच्याबरोबर तीही गेली तर?

आपांना सांगायचाही धीर होत नाही. त्या रोज चारला फोन करतात.

"अजून आली नाही रे. तुझं काही चुकलं का, आठव ना."

डबा वाजून थांबेपर्यंत मी फोनवर हात दाबून धरतो.

मग म्हणतो, येईल आपा.