काबऱ्याची मान

आम्हाला काबऱ्याची मान बघायची होती. काम म्हणून सांगायचं तर एवढंच. पण काबरा म्हणजे आमच्या गीरमधला भरल्या अंगाचा नर सिंह, आणि त्याची मान हातभर आयाळीखाली झाकलेली. ती काही तो बोलावून दाखवणार नव्हता.

पावसाळा सरत आला होता. डोंगरापलीकडून दोन परके नर आमच्या बाजूला घुसले आणि काबरा नि त्याचा भाऊ भुऱ्या यांच्याशी त्यांची जुंपली. परके पळाले खरे, पण दुसऱ्या सकाळी माझी आत्या पुरीफई म्हशी सोडायला निघाली, तेव्हा काबरा तिच्या नेसाजवळून एकटाच जाताना तिला दिसला. नेस म्हणजे चार झोपड्या आणि भोवती काट्यांचं कुंपण, आमची गुराख्यांची वस्ती. काबरा मान एका अंगाला पाडून चालत होता. कानांमागे, मानगुटीवर, ओंजळभर मांस उघडं पडलं होतं. भुऱ्याचा पत्ता नव्हता.

मी सामत. जन्म त्याच नेसात झाला, आता वनखात्यात सिंहांचा माग काढायचं काम करतो. आम्हा माग काढणाऱ्यांत एक म्हण आहे: जीभ पोचते तिथे वैद्य नको. पाय फाटो, खांदा फाटो, सिंह चाटून चाटून बरा करतो. पण स्वतःच्या मानगुटीवर कुणाची जीभ पोचते? तिथे माशी बसते, अळ्या पडतात आणि त्या आत आत खात कवटीपर्यंत जातात. अशी मरणं मी पाहिली आहेत. काबऱ्याला तर मी तो आईमागे धडपडत चालायचा तेव्हापासून ओळखत होतो, आणि त्याला तसं मरताना बघायची माझी तयारी नव्हती.

म्हणून मी म्हणालो, “भुलीची सुई मारू, पिंजऱ्यात घालू नि दवाखान्यात नेऊ. बघायचं काय त्यात?”

आमचे वसावडा डॉक्टर जुनागढचे नागर ब्राह्मण. कपडे परीटघडीचे आणि बोलणंही तसंच. पण सिंहांच्या मागे त्यांचे केस पिकले होते.

“पकडला तर महिनाभर आत राहील,” ते म्हणाले. “भुऱ्या एकटा पडला की ते दोघे परत येणार. राजल सिंहिणीची पिल्लं अजून मांजराएवढी आहेत, सामत. परके नर आले की पहिलं काय करतात, ते मी तुला सांगायला हवं का?”

नको होतं. दुसऱ्याची पिल्लं ते जिवंत ठेवत नाहीत.

“आणि अळ्या पडल्या असतील तर?”

“तर पकडायचाच. म्हणून तर म्हणतो, आधी मान बघू. बघितल्याशिवाय सुई नाही.”

तिसरी होती हलीमाबेन, आमची वनरक्षक. ती सिद्दी. भुलीची बंदूक तिच्याइतकी नेमकी कुणी चालवत नाही, आणि तोंडही. ती म्हणाली, “तुमचं दोघांचं ठरेपर्यंत काबरा म्हातारपणाने मरेल. चला.”

आता अडचण अशी की काबरा तरुणपणी एकदा विहिरीत पडला होता. आम्हीच त्याला सुई मारून, जाळ्यात गुंडाळून वर काढलं होतं. तेव्हापासून खाकी कपडा दिसला किंवा जीपचा आवाज आला की तो करवंदीच्या जाळीत घुसायचा. पांढऱ्या कपड्यातला गुराखी आणि म्हशी मात्र त्याच्या रोजच्या ओळखीच्या. तेव्हा मी युक्ती काढली. जीप नेसात ठेवायची, पांढरे कपडे चढवायचे आणि फईच्या म्हशींच्या आडून त्याच्याजवळ जायचं. युक्ती माझी होती, हे आत्ताच सांगून ठेवतो.

फईने डॉक्टरांना फुफाजींचा चुण्यांचा अंगरखा दिला आणि स्वतःच्या हाताने पागोटं बांधलं. मग दोन पावलं मागे जाऊन त्यांच्याकडे बघितलं.

“बरा दिसतोयस भाई. पण चालताना चिखल चुकवू नकोस. गुराखी कधी चिखल चुकवतो का?”

“माझ्या काबऱ्याला काही झालं तर परत येऊ नका,” हे तिने मला सांगितलं. “आणि माझ्या म्हशींना काही झालं तर अजिबातच येऊ नका.”

बाजरीचा रोटला नि ताक पोटात ढकलून आम्ही निघालो. पुढे हाथणी नावाची फईची थोराड म्हैस, तिच्यामागे तिची सगळी फौज. साग ओला होता, पानांवरून पाणी टपकत होतं आणि कुठेतरी मोर ओरडत होते. अशा सकाळी जंगल इतकं सुरेख दिसतं, की आपण कशासाठी निघालोय ते घटकाभर विसरायला होतं. ओढ्यापाशी आल्यावर मात्र आठवलं.

ओढा फुगला होता. पाणी गढूळ, वेग चांगलाच. त्यात पलीकडच्या खडकावर एक मगर पसरली होती, ती आम्हाला बघून सावकाश पाण्यात उतरली.

“आता?” डॉक्टरांनी विचारलं.

“आता म्हशीचं शेपूट धरा, साहेब,” मी म्हणालो. “म्हशींच्या घोळक्यात मगर शिरत नाही.”

“नक्की?”

“आजवर तरी शिरली नाही,” हलीमाबेन म्हणाली आणि बंदुकीची पेटी डोक्यावर घेऊन पाण्यात उतरलीसुद्धा.

मधोमध पोचलो आणि डॉक्टरांचा पाय निसटला. शेपूट सुटलं. पागोटं वाहत निघालं, त्यामागे डॉक्टर! मी हात टाकला. हाताला अंगरख्याच्या चुण्या लागल्या. धरल्या. दुसऱ्या हातात हाथणीचं शेपूट. ती एकदा फुरफुरली आणि आम्हा दोघांना ओढत काठाला घेऊन गेली. डॉक्टर चिखलात बसून खोकत राहिले. नखशिखांत चिखल.

“आता दिसता खरे गुराखी,” हलीमाबेन म्हणाली. पेटीवर पाण्याचा शिंतोडा नव्हता.

पलीकडच्या मऊ मातीत काबऱ्याचा माग सापडला. पुढचा डावा पंजा फरफटत होता. थोडं पुढे गेल्यावर मी खाली वाकलो. त्याच वाटेवर आणखी दोन नरांचे ठसे होते, मोठे आणि माझ्या ओळखीचे नसलेले. परके परतले होते आणि काबऱ्याचा वास काढत फिरत होते. ठसे जुने होते की ताजे यावर मी नि हलीमाबेन कुजबुजत भांडलो. डॉक्टरांनी फक्त एवढंच म्हटलं, “म्हणजे वेळ कमी आहे. चला.”

ओढ्याच्या जुन्या पात्रात, उंबराच्या सावलीत काबरा पडला होता. डोकं पुढच्या पंजांवर, आयाळीवर माशांचा घोंगावणारा थर. आम्हाला बघून त्याने डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. म्हशी, पांढरे कपडे, रोजचंच. युक्ती लागू पडली होती! म्हशींच्या पाठीआडून आम्ही जवळ सरकलो. हलीमाबेनने बंदूक भरली. डॉक्टरांनी दुर्बीण लावली. पण जखम पलीकडच्या बाजूला होती.

“अजून थोडं,” डॉक्टर पुटपुटले. “त्याला मान वळवू दे.”

आणि वारा फिरला.

हाथणीने नाक वर केलं. माझ्या लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता. जन्मभर म्हशींत वाढलेला मी, आणि एवढी साधी गोष्ट विसरलो! धडधाकट सिंहाला म्हशी अंतर राखून असतात. रक्ताचा वास येणाऱ्या, पडलेल्या सिंहाला त्या सोडत नाहीत. शिवाय हाथणीचं रेडकू नेसात होतं, आणि रेडकाची आई सिंहाला माफ करत नाही.

तिने हंबरडा फोडला. सगळा कळप एका ओळीत आला. शिंगं खाली. जमीन हादरली!

काबरा उठला. पाऊल टाकलं, डावा पंजा दुमडला, तो खाली बसला. पुन्हा उठला. मागे उंबराचं खोड. पळायला जागा नाही.

मी धावलो. काठी आडवी धरून आमच्याच म्हशींच्या तोंडासमोर! “हाथणी! हो! हो!” ओरडलो, शिव्या घातल्या, तिच्या नाकाडावर काठी हाणली. ती थांबली. बाकीच्या दोन्ही अंगांनी वळसा घालू लागल्या. माझ्या पाठीमागे काही हातांवर काबरा गुरगुरत होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

तेवढ्यात वरच्या दरडीवरून डरकाळी आली. भुऱ्या!

तो धोंडे उडवत उतरला, थेट म्हशींच्या समोर. कळप फुटला. म्हशी मागे सरल्या, शिंगं बाहेर रोखून गोल करून उभ्या राहिल्या. आणि भुऱ्या माझ्याकडे वळला. शेपटी ताठ. कान मागे. तो आला!

अशा वेळी पळायचं नसतं. हे आईच्या दुधाबरोबर शिकलेलं. पण पाय वेगळंच सांगत असतात.

“सामत, उभा रहा,” हलीमाबेनचा आवाज मागून आला, अगदी चुलीपाशी बसल्यासारखा. मग ती भुऱ्याशी बोलू लागली. “बस रे भाई. तुझ्या भावाला कोण हात लावतंय? त्यालाच वाचवत होता तो वेडा. बस.”

काठीच्या टोकापासून हातभर अंतरावर भुऱ्या थांबला. धूळ माझ्या तोंडावर उडाली. त्याने माझ्याकडे बघितलं, एक लांब श्वास सोडला आणि वळून भावाकडे गेला. मी पाऊल पाऊल मागे आलो. मी जिवंत होतो म्हणून मला हसू येत होतं.

आता काबरा अगदी समोर होता. हलीमाबेनने बंदूक खांद्याला लावली. “साहेब, मांडी मोकळी आहे. मारू?”

“मार,” मीच म्हणालो.

“थांब,” डॉक्टर म्हणाले. “बघा तरी.”

भुऱ्या काबऱ्याच्या अंगाला अंग लावून बसला. त्याने कपाळाने भावाची आयाळ बाजूला सारली आणि मानगूट चाटायला लागला. सावकाश, मन लावून. मधेच दातांनी काहीतरी टिपायचा नि पुन्हा चाटायचा. काबऱ्याने मान खाली घातली. डॉक्टरांची दुर्बीण बराच वेळ हलली नाही.

“लाल आहे,” ते म्हणाले. “स्वच्छ लाल. कडा गुलाबी. हे आजचं चाटणं नाही, रोजचं आहे. सडलेली असती तर तुझ्या हाथणीला ताज्या रक्ताचा वास कुठून लागला असता? बंदूक खाली कर, हलीमा.”

मला राग आला. “साहेब, पोट बघा त्याचं. पाठीला लागलंय. कधीपासून खाल्लेलं नाही. आणि परके इथेच फिरताहेत.”

“म्हणूनच. भुऱ्या त्याला सोडून गेलेला नाही. आपण एकाला उचललं तर दोघंही गेले, पिल्लांसकट.” त्यांनी तोंडावरचा वाळका चिखल पुसला. “मी चुकलो तर काबरा मरेल, हे मला कळतंय, सामत. चार दिवसांत त्याने खाल्लं नाही तर मी स्वतः येऊन पकडेन.”

एवढं चालून, एवढं भिजून, हाताशी आलेला सिंह सोडून आम्ही परतलो. वाटभर मी मनातल्या मनात डॉक्टरांशी भांडत होतो.

नंतरचे दिवस मी लांबच्या टेकडीवरून दुर्बीण लावून बसलो. भुऱ्या चाटायचा. काबरा पाण्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. एकदा दोघांनी मिळून डरकाळ्या दिल्या आणि डोंगरापलीकडून उत्तर आलं नाही, तेव्हा जरा बरं वाटलं. पण तो खात नव्हता. मुदत संपत आली. हलीमाबेनने पिंजरा धुवून ठेवला.

शेवटच्या दिवशी सकाळी फई नेसातून चालत चौकीवर आली. ती कधी येत नाही.  डॉक्टर चहाची बशी तशीच ठेवून उभे राहिले.

“तुमच्या त्या आजाऱ्याचं काय करायचं ते बोला,” फई कमरेवर हात ठेवून म्हणाली.

“काय झालं, बा?” डॉक्टरांनी विचारलं. फईला ते ‘बा’, म्हणजे आई, म्हणायचे.

“काय व्हायचंय? उजाडता उजाडता माझा पाडा मारला मेल्याने, तरणाबांड रेडा. माझ्या डोळ्यांदेखत. एका पंजात लोळवला, आणि तेही डाव्या. अख्खी मांडी खाल्ली, भावाला दुसरी दिली. राजल पिल्लांना घेऊन आलीय, ती उरलेल्यावर बसलीय.” तिने पदराने तोंड पुसलं. डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ हसत होते. “एवढा चांगला पाडा होता रे माझा.”

हलीमाबेनने पिंजऱ्याचं दार लावून घेतलं. डॉक्टरांनी फईला खुर्ची दिली, बशीतला चहा तिच्यापुढे सरकवला आणि विचारलं, “पोट भरून खाल्लं ना त्याने, बा?”

“भरून,” फई म्हणाली. “मी उभी होते ना तिथे.”