किटलीच्या सहा जागा

रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात तिचा निळा खडू घरंगळत आला आणि नेमका त्याच्या बुटाखाली चिरडला.

"पाय... पाय उचला हो!"

त्याने उचलला. फरशीवर निळी भुकटी पसरली होती. तो कानापर्यंत लाल झाला. आपला निळा खडू मोडून अर्धा तिच्यापुढे धरला. सॉफ्ट पेस्टलचे रंगखडू मऊ असतात, तिच्या बोटांचे ठसे लगेच त्यावर उमटले.

"काय करता तुम्ही?"

"मुद्रितशोधक आहे. छापण्याआधी लोकांच्या चुका शोधतो."

"माझ्या शोधू नका म्हणजे झालं," ती हसली. ती दातांची डॉक्टर होती. दूरच्या गावी नोकरी मिळाली होती. "हे चित्र पुरं करायचं... आणि निघायचं."

टेबलावर एक किटली, पेअरची दोन फळं, चुरगळलेलं पांढरं कापड. चार रविवारांत संपणारं चित्र.

दुसऱ्या रविवारी तो लवकर आला आणि किटली अंगठाभर सरकवली.

"सावली बदलली की काय?" ती पुटपुटली. पुसलं, पुन्हा काढलं. तिसऱ्या रविवारीही तेच. पेअर काळे पडले, सरांनी नवे आणले. चारचे सहा रविवार झाले. तिच्या गालाला रंग लागलेला असायचा. तो दर वेळी बोलायचं ठरवून यायचा, आणि खडू झटकत बसायचा.

सहाव्या रविवारी ती हात पुसत म्हणाली, "पहिल्याच दिवशी मी किटलीभोवती कापडावर पेन्सिलची टिंबं दिली होती. मुद्रितशोधक ना तुम्ही? दिसली नाहीत?"

"तुम्हाला... माहीत होतं?"

"दोनदा निघायची तारीख पुढे ढकलली मी. म्हटलं, किटली हलवणारा माणूस कधीतरी तोंडही हलवेल." तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग खडूंची पेटी मिटली. "उद्या सकाळची गाडी आहे."

त्याचे ओठ उघडले.

"निळा... निळा खडू राहू द्या तुमच्याकडे."

तिने मान डोलावली. चित्र त्याच्या हातात दिलं. "यावर फवारा मारू नका. रंग पक्के होतात, पण काळवंडतात."

त्याने मारला नाही. चित्र काचेच्या चौकटीत त्याच्या कामाच्या टेबलासमोर आहे. किटलीमागे पुसलेल्या पाच किटल्या अजून अंधूक दिसतात. दर वर्षी काचेच्या आत, तळाशी, थोडी निळी भुकटी साठते.

दुसऱ्यांच्या मजकुरात गळलेलं वाक्य तो अजूनही एका नजरेत पकडतो.