मान वळवलेला बैल

भाद्रपदातला पोळा बारा दिवसांवर आला होता आणि हौसराव कुंभार साच्यातून बैल काढत बसला होता. माती दाबायची, दोन अर्धे जोडायचे, पाठीवरची शिवण खरवडायची, बैल फळीवर ठेवायचा. पुन्हा माती दाबायची. शिरूरच्या व्यापाऱ्याला सहाशे नग हवे होते. नगच म्हणायचा तो. बैल म्हणायला त्याला वेळ कुठला! इनामगावात निम्म्या गोठ्यांत आता ट्रॅक्टर उभे राहत, त्यामुळं पूजेला मातीचेच बैल लागत. तेही सगळे एकसारखे, नाकासमोर बघणारे, रंगवायला सोपे.

एके काळी हाच हौसराव मातीवर जीव टाकायचा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हळदीच्या अंगानं चाकावर जाऊन बसला, तेव्हा आख्ख्या आळीनं विठाबाईला चिडवलं होतं, "सवत आधीच घरात हाय गं तुझी!" पण पोटासाठी करता करता हौस कधी मेली, ते त्या बिचाऱ्याला कळलंसुद्धा नाही. पोरगा सत्यजीत कारेगावात राहून कंपनीत जात होता. त्यानं बापासाठी गेटवरची नोकरी बघून ठेवली होती. पोळा झाला की चाक विकायचं आणि एक तारखेला हजर व्हायचं, असं ठरलं होतं. हौसरावानं एका झटक्यात हो म्हटलं. आपल्याला वाईट कसं वाटत नाही, याचंच त्याला वाईट वाटत राहिलं.

त्या दिवशी जेवून तो कामाच्या पत्र्याच्या खोलीतच आडवा झाला. उठला तर फळीवर एकवीस बैल. त्यानं ठेवले होते वीस. एका फळीवर वीसच मावतात, हे तो झोपेतसुद्धा सांगेल. एकविसावा कडेला उभा होता. बोटभर उंचीचा, साच्यातला नव्हेच. वशिंड एकाच चिमटीत वर काढलेलं. मान किंचित मागं वळलेली, कुणीतरी हाक मारल्यासारखी. माती इतकी ओली की वर पाणी चमकत होतं.

"अगं, पोरखेळ कराया येळ हाय व्हय तुला?" तो ओरडला.

विठाबाई पिठाच्या हातानं दारात आली. "मला? आवो, मला साधी पणती वळता येत न्हाई. तुमीच केला आसंल झोपंत."

दुसऱ्या दिवशी त्यानं खोलीला कुलूप घातलं, किल्ली बंडीच्या खिशात टाकली आणि दारालाच खाट लावून तो झोपला. उठून कुलूप काढलं. एकवीस. खिडकीची जाळी जागच्या जागी होती.

हौसराव अडाणी असेल, खुळा नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यानं चुलीतली राख चाळून खोलीभर पसरली आणि मागं सरकत सरकत बाहेर आला. दुपारी दार उघडून बघतो तर राख जशीच्या तशी. फक्त त्याच्या बसायच्या जागेसमोर, कुणी उकिडवं बसावं तशी दोन पावलं उमटली होती. तिथवर आलेली पावलं नव्हती. तिथून गेलेलीही नव्हती.

दुसऱ्या कुणी देवऋषी गाठला असता. हौसरावाच्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोला. पण भीतीच्या वरताण त्याला आला तो राग. चाळीस वर्षं माती तुडवली आपण, आणि हा कोण कुठला आपल्यापेक्षा झकास वशिंड काढतो? त्यानं साचा बाजूला ढकलला, मुठीएवढा गोळा घेतला आणि बैल करायला बसला. बोटं आखडली होती. बैलाचा झाला रेडा. तरी हट्टानं त्यानं तो फळीवर ठेवला आणि कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो रेडा बैल झाला होता. पोट बोटानं आत दाबलेलं, मान वळवलेली.

"माझ्या बैलाला हात लावतो व्हय रं?" हौसराव रिकाम्या खोलीत गरजला. मग त्यानं बैल उन्हात धरला, उलटापालटा करून पाहिला. "च्यायला... बराबर हाय की!" आणि तो हसत सुटला. पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

विठाबाई धावत आली. "काय झालं? कशाला हसताय?"

"काय न्हाई गं."

"हसा, हसा. किती वर्सांनी ऐकलं, माय!" तिनं पदरानं डोळे पुसले. पण जाताना राखेतल्या त्या दोन पावलांकडं बघून ती जरा थबकली.

व्यापाऱ्याला त्यानं होते तेवढे दोनशे बैल दिले आणि वर साचाही देऊन टाकला. मग तो सकाळी उजाडल्या उजाडल्या खोलीत शिरायचा. बसका बैल, माजलेला बैल, अंग चाटणारा बैल. भाकर निवून जायची तरी त्याला शुद्ध नसायची. दुपारी कुलूप घालायचं आणि उठलं की पोरानं निकाल बघायला धावावं तसं धावायचं. आज शिंग बदललंय. आज नुसता खूर. दिवसागणिक दुरुस्ती कमी होत गेली.

पोळ्याच्या आदल्या दुपारी त्याच्या बैलाला कुणी हातच लावला नव्हता. हौसरावाचा ऊर भरून आला. तेवढ्यात फोन वाजला.

"आबा, परवा कागदं घेऊन या," सत्यजीत म्हणाला. "सायबाला शब्द दिलाय मी."

"सत्या, सायबाला सांग, माझा बाप यायचा न्हाई. त्यो कामात हाय."

"आवो, बरं हाय ना तुमाला?"

"इतकं बरं कवाच नव्हतं, लेका. चाक बी इकायचं न्हाई."

त्यानं फोन ठेवला. पोळ्याच्या दुपारी मात्र तो झोपायला गेला नाही. दार उघडं टाकून तिथंच बसला आणि नवा गोळा हातात घेतला. तोंडानं बडबड चालूच होती.

"ही मान बघ. अशी? का आजून जरा?"

खोली गार वाटत होती. बाहेर तर ऊन रणरणत होतं.

पाठीवरून बोट फिरवताना माती सुकायला लागली. त्याची नजर बैलावरच होती. त्यानं सवयीनं फडक्यासाठी हात पुढं केला.

ओलं फडकं हातात आलं. नीट पिळून.

"जरा जादा पिळलंस गं," तो म्हणाला आणि त्यानं मान वर केली.

विठाबाई दारात उभी होती. दहा हात लांब. तिच्या दोन्ही हातांत चहाचे कप होते.

कप हिंदकळले. चहा तिच्या बोटांवर सांडला, तरी ती हलली नाही. तिनं फडक्याकडं पाहिलं. मग नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं, बराच वेळ.

"इठा..." तो पुटपुटला.

तिनं कप खाली ठेवले आणि ती घरात गेली. आता आळी गोळा होणार, हौसरावाला वाटलं. त्यानं बैल छातीशी धरला.

ती परत आली ती तिसरा कप घेऊन. त्याच्या समोर, राखेत पावलं उमटली होती तिथं अंथरलेल्या रिकाम्या पोत्यापुढं तिनं तो ठेवला आणि कपाचा कान हळूच पलीकडच्या बाजूला वळवला.