टायरखालची आसरा

खोटं वाटत असेल तर कुरवंड्याला जा आणि श्रीपतीचा उजवा हात नाकाशी धरून बघा.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. रविवार, दुपारचे चार. भरदिवसा घडलेली.

श्रीपती गावाबाहेरच्या एका बंगल्यावर राखणदार. शनिवारी पंधरा पाहुणे धिंगाणा घालून गेले आणि संडासाची टाकी तुंबली. अंगणभर घाण आली. टँकर बोलावला. त्याने मैला ओढून घेतला, श्रीपती वाट दाखवायला सोबत बसला, पण ओढ्यापाशी येऊन ड्रायव्हर थांबला.

"एवढं वझं घेऊन उतार कोण उतरणार, भाऊ? हितंच सोडतो."

ओढ्याकाठी उंबर. उंबराखाली शेंदूर फासलेले सात दगड. सात आसरा, पाण्याच्या देवता. दरसाल दहीभात दाखवल्याशिवाय गावातली बाई त्या पाण्यात पाय घालत नाही.

श्रीपतीला हे ठाऊक होतं.

"सोड," तो म्हणाला. "पाऊस हाय. जाईल वाहून."

पाइप सुटला. आणि टँकर मागे घसरायला लागला...

"दगड लाव की चाकाला! बघतोस काय!"

हाताला आला तो दगड श्रीपतीने चाकाखाली कोंबला. टँकर थांबला.

मग त्याने तळहात पाहिला.

शेंदूर.

टँकर गेला. दगड काळ्या मैल्यात रुतला होता. कोण हात घालणार? 'उद्या काढू,' म्हणून तो घरी आला. तीनदा साबण लावला.

रात्रीचं जेवण वाढलं.

"अनिता, काय कुजलंय गं?"

"तुमचं नाक," बायको म्हणाली. "दिसभर घाणीत उभं ऱ्हायचं अन् मला इचारायचं."

त्याने भाकरी मोडली. आतून केस निघाला. ओला. त्याने ओढला... येतच राहिला. हातभर. त्याला काळा चिकट लिबलिबीत गाळ.

श्रीपती तिथंच ओकला.

त्याची सहा वर्षांची राजेश्वरी मात्र शांत बसली होती. तिने आपलं ताट बाजूला सरकवलं होतं. रिकाम्या जागेसमोर.

"खा की गं, बाळा."

"ती जेवतीय ना."

"कोण?"

"ही बाई. लय घाण लागलीय तिला. कुणी धूतच न्हाई."

त्या जागेवर फरशी ओली होती. ओल्यात काहीतरी पांढरं वळवळत होतं...

तीन दिवस पोरीच्या पोटात कण टिकला नाही. पाणी पाजलं तरी उलटी. उलटीला ओढ्याचा वास. लोणावळ्याच्या डॉक्टरला काही सापडेना. पोर वाळत चालली.

चौथ्या सकाळी शेजारची म्हातारी अंबूबाई आली. उंबऱ्यावरच पदर नाकाला लावला.

"आसरांपाशी काय केलंस रं, मुडद्या?"

श्रीपतीने सगळं सांगितलं.

"मग हातानं काढ त्या आसरेला. फावडं न्हाई, काठी न्हाई. अन् आंघोळ घाल तिला."

तो ओढ्यावर गेला. मैल्यावर साय धरली होती, माश्या घोंघावत होत्या. त्याने डोळे मिटून कोपरापर्यंत उजवा हात घातला. आत सगळं कोमट...

कुणीतरी बोटं धरली.

घट्ट.

मग सोडली. आणि दगड हातात आला.

वरच्या अंगाच्या स्वच्छ पाण्यात त्याने तो घासून घासून धुतला. हळद लावली. उंबराखाली नेऊन ठेवला. मागे अंबूबाई दहीभात घेऊन उभी होती.

"थांब," ती म्हणाली.

तिने बोटाने मोजलं. परत मोजलं.

आठ.

सातवी आधीच आपल्या जागी बसली होती. ओलीचिंब. स्वच्छ.

"मग तू..." अंबूबाई दोन पावलं मागे सरली. "तू हे काय आणलंस?"

त्या दगडाला परत हात लावायचा श्रीपतीला धीर झाला नाही. तिलाही नाही.

त्या संध्याकाळी राजेश्वरीने दोन भाकऱ्या खाल्ल्या. पोर वाचली.

तो आठवा दगड अजून तिथंच आहे. अंबूबाई दहीभाताचे सातच घास ठेवते. आठवा ठेवत नाही.

आणि घरी रोज जेवायला बसताना राजेश्वरी थोडी बाजूला सरकते...

जागा करून देते.